पडीक म्हणतात त्या माळावरचे पक्षी

मराठवाड्यात पक्षी बघायचे म्हटले की माणसे पैठणच्या नाथसागराची वाट धरतात. ते बरोबरच आहे. 1976 साली धरण पूर्ण झाले, 1986 साली जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हिवाळ्यात तिथल्या उथळ पाण्यावर उतरतात. पण मला अधिक ओढ आहे ती बालाघाटच्या उघड्या माळांची. मुरुमावर वीतभर मातीही नाही, कुसळी गवत, तरवड, कुठे एखादी बाभूळ. कागदोपत्री ही जमीन 'पडीक'. प्रत्यक्षात ती भरलेली असते.

डोंबारी हा चिमणीपेक्षाही लहान चंडोल घ्या. माळावर गाण्यासाठी उंच फांदी नाही, म्हणून नर आकाशातच चढतो. पंख फडफडत वर जातो, पंख मिटून लांब शीळ घालत खाली झेपावतो आणि जमीन जवळ आली की पुन्हा वर. या कोलांट्यांवरूनच त्याला हे नाव पडले.

पखुर्डीची गोष्ट याहून नवलाची आहे. पारव्यापेक्षा थोडी लहान, मातकट रंगाची. दहा पावलांवर बसलेली असली तरी उडेपर्यंत दिसत नाही. खाणे जवळजवळ सगळे कोरडे बी, त्यामुळे पाणी रोज लागते. सकाळी थवे पाणवठ्यावर येतात. पिले अंड्यातून निघाल्यावर लगेच चालू लागतात, बीही स्वतः टिपतात, पण पाण्यापर्यंत उडणार कशी? ते काम बाप करतो. तो पोट धुळीत घासून घेतो, मग पोटापर्यंत पाण्यात उतरून अंग हलवत बसतो. पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना पीळ घातल्यासारखे गुंडाळलेले असतात. ओले झाले की पीळ उलगडतो, तंतू उभे राहतात आणि त्यांच्या दाट जाळीत पाणी अडकते. बाप परत आला की पिले पोटाखाली शिरून ती पिसे चोचीने निपटून पाणी पितात.

मीड-वाल्डो या इंग्रज पक्षीपालकाने स्वतःच्या पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांत हे पाहून 1896 साली लिहिले, तेव्हा अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. 1967 साली केड आणि मॅक्लीन या पक्षीशास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या पखुर्ड्यांची पिसे तपासली, ती किती पाणी धरतात ते मोजले, आणि शंका संपली.

टिटवीही पोट भिजवून येते, पण अंडी गार राखण्यासाठी. उघड्यावर, खड्यांच्या उथळ खळगीत तिची चार अंडी, टोके आत वळवलेली. मेच्या उन्हात अंड्यांना ऊब देण्यापेक्षा सावली देणेच तिचे मोठे काम. अंडी उंच जागी दिसली तर पाऊस चांगला, असे जुनी माणसे सांगतात; त्याला आधार नाही, पण अंडी कुठे आहेत यावर त्यांचे लक्ष असायचे, हे मला मोलाचे वाटते.

कारण आता हे लक्षच सुटत चालले आहे. जेसीबीने मुरूम उपसला की माळ गेला, हे सगळ्यांना कळते. पण भल्या हेतूने सरसकट खड्डे घेऊन लावलेली झाडेही माळ मोडतात, हे सांगितले तर माणसे रागावतात. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याला दूरवरचे दिसायला हवे. झाडोरा वाढला की शत्रूला आडोसा मिळतो, शिकरा-कावळ्याला टेहळणीची जागा मिळते. झाडे ओढ्याकाठी लावावीत, गावठाणात लावावीत. माळावर गवत राखावे.

शेतातल्या पाहुण्यांपैकी एकीबद्दल मात्र बोललेच पाहिजे: भोरडी. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना. शाळू हुरड्यात आला की तिचे थवे कणसांवर तुटून पडतात, आणि शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो. त्याचे नुकसान खरे आहे. पण हीच भोरडी पुढे पळस, पांगारा, काटेसावरीच्या फुलांतला मध पिताना डोक्याला लागलेले पराग झाडोझाड नेते. एप्रिल सरत आला की थवे मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडे निघतात. तिथे पिलांना मुख्यतः टोळ आणि नाकतोडे भरवले जातात. चीनच्या शिनजियांगमध्ये तर टोळांना आवर बसावा म्हणून भोरड्यांना घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात.