स्टार्टअप स्क्रिप्टला न सापडणारी कमांड

मशीन बूट होताना एखाद्या सर्व्हिसची स्टार्टअप स्क्रिप्ट अशी कमांड मागते की ती ज्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) ठेवलीय ते अजून माउंटच झालेलं, म्हणजे वापरासाठी जोडलेलंच नसतं, आणि सर्व्हिस उठत नाही. युनिक्स, बीएसडी, लिनक्स सगळीकडचं हे जुनं दुखणं. ओळखायची खूण एकच, बूटला पडलेली स्क्रिप्ट लॉगिन करून हाताने चालवली की गुमान चालते, कारण तोवर सगळं माउंट झालेलं असतं आणि आपल्या शेलचा पाथही (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) बूटच्या पाथपेक्षा लांबलचक असतो.

पूर्वी बूटला लागणाऱ्या मोजक्या कमांड रूट पार्टिशनवरच्या (सगळ्यात आधी माउंट होणाऱ्या) बिन आणि एसबिन या फोल्डरांमध्ये असायच्या आणि बाकीच्या यूएसआरमध्ये, जे वेगळ्या डिस्कवर किंवा चक्क एनएफएसवरही (नेटवर्कवरून माउंट होणाऱ्या डिस्कवर) असू शकायचं. कुठली कमांड कुठे हे सिस्टिमप्रमाणे बदलतं. ग्रेप आणि सेड जुन्या डेबियनमध्ये बिनमध्ये होत्या, फ्रीबीएसडीत त्या यूएसआरमध्ये असतात, म्हणून एकीकडे चालणारी स्क्रिप्ट दुसरीकडे आपटते. ऑक, कट, हेड तर दोन्हीकडे यूएसआरमध्येच.

खरा त्रास असा की स्क्रिप्ट बऱ्याचदा थांबतच नाही. समजा कॉन्फिग फाइलची पहिली ओळ हेडने वाचून व्हेरिएबलमध्ये घ्यायचीय. हेड सापडत नाही, शेल १२७ हा 'कमांड सापडली नाही'चा कोड देतं, 'नॉट फाउंड' कन्सोलवरून सरकून जातं, व्हेरिएबल रिकामं राहतं आणि डिमन (मागे चालणारी ती सर्व्हिस) भलत्याच सेटिंगवर सुरू होतो, मग लोक दिवसभर डिमनचाच लॉग चाळत बसतात. इथे शेलमधलीच रीड कमांड वापरून फाइल तिला रीडायरेक्ट करायची, बाहेरच्या कमांडची गरजच उरत नाही. (पाइपने मात्र जोडू नका, बहुतेक शेलमध्ये ते रीड सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालतं आणि व्हॅल्यू तिथेच राहते.) साध्या पॅटर्नसाठी ग्रेपऐवजी शेलचंच केस, बेसनेमऐवजी पॅरामीटर एक्स्पान्शन (व्हेरिएबलची व्हॅल्यू शेलमध्येच कापायची सोय).

दुसरा उपाय क्रम बदलण्याचा. फ्रीबीएसडीत स्क्रिप्टच्या डोक्यावर रिक्वायर ओळीत फाइलसिस्टिम्स लिहिलं की आरसीऑर्डर (स्क्रिप्टचा क्रम लावणारं टूल) तिला स्थानिक डिस्कच्या माउंटनंतर ढकलतो. लिनक्सच्या जुन्या इनिट स्क्रिप्टमध्ये हेच काम एलएसबी हेडरमधलं (स्क्रिप्टच्या सुरुवातीच्या ठरावीक टिपांमधलं) रिमोट-एफएस करतं, आणि सिस्टिमडी या आजच्या बूट-व्यवस्थेत रिक्वायर्स-माउंट्स-फॉर. सिस्टिमडीत नुसतं रिक्वायर्स लिहून भागत नाही, त्याने क्रम लागत नाही, आफ्टरही लागतं. पण जी स्क्रिप्ट स्वतः माउंटच्या आधी लागते तिला मागे ढकललं तर चक्र तयार होतं आणि सिस्टिमडी ते तोडायला कुठलं तरी एक काम सरळ गाळून टाकतो. तिथे रीड-केसवालाच मार्ग. स्लीप घालून वाट बघणं हा उपाय नव्हे, मंद डिस्कवर ते कधी ना कधी फसतंच.

२०१२ च्या फेडोरा १७ पासून बिन, एसबिन यूएसआरमध्ये विलीन झाले, डेबियन १२ मध्ये (२०२३) ते सक्तीचं झालं, आणि यूएसआर वेगळं असलं तरी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चालणारी छोटी सिस्टिम) ते आधीच माउंट करतं. त्यामुळे लिनक्सवर हा दोष आता मुख्यतः ऑप्ट, यूएसआर-लोकल किंवा नेटवर्क माउंटवरच्या टूल्सपुरता दिसतो. तपासताना एक लक्षात ठेवा, पाथमध्ये फक्त बिन आणि एसबिन ठेवून स्क्रिप्ट चालवायची जुनी युक्ती अशा विलीन सिस्टिमवर काहीच पकडत नाही, कारण बिन आता यूएसआरमधल्या बिनकडेच बोट दाखवणारी सिमलिंक आहे.