नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम: विमा विकायला काढलेलं रेडिओ स्टेशन

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल आज कंट्री संगीताचं माहेरघर समजली जाते. रेकॉर्डिंग स्टुडिओ, प्रकाशन कंपन्या, गायक, वादक असं सगळं तिथे एकवटलेलं आहे. ते तिथेच का जमलं, याचा माग काढत गेलं की आपण एका विमा कंपनीच्या पाचव्या मजल्यावर जाऊन पोहोचतो.

नॅशनल लाइफ अँड अॅक्सिडेंट ही कंपनी कष्टकऱ्यांना छोट्या रकमेचे विमे विकायची. एजंट दर आठवड्याला दारोदार फिरून हप्ते गोळा करत. कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाचा मुलगा एडविन क्रेग याला रेडिओचं भारी वेड. त्याने घरच्यांचं मन वळवलं आणि ५ ऑक्टोबर १९२५ रोजी डब्ल्यूएसएम सुरू झालं. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू व्हायला तेव्हा अजून पावणेदोन वर्षं अवकाश होता. स्टेशनच्या नावातली तीन अक्षरंही कंपनीच्या घोषवाक्यातून आली होती: ‘वी शील्ड मिलियन्स’, म्हणजे ‘आम्ही लाखोंचं रक्षण करतो’.

पुढच्याच महिन्यात जॉर्ज हे हा निवेदक शिकागोहून आला. तिथल्या डब्ल्यूएलएस स्टेशनवर त्याने ग्रामीण नाच-गाण्यांचा कार्यक्रम रंगवला होता. स्वतःला तो ‘सॉलेम ओल्ड जज’ म्हणवून घ्यायचा, वय मात्र जेमतेम तीस. २८ नोव्हेंबरला त्याने सत्त्याहत्तर वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसनना मायक्रोफोनसमोर बसवलं. साथीला पियानोवर त्यांची पुतणी होती. म्हातारबुवांनी तासभर फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवली आणि फर्माइशींच्या तारा येऊ लागल्या. शनिवार रात्रीचा कार्यक्रम ठरून गेला.

शहरातल्या प्रतिष्ठितांना हे रुचलं नाही. नॅशव्हिल तेव्हा ‘दक्षिणेचं अथेन्स’ म्हणून मिरवत होतं. महाविद्यालयांच्या शहरात बॅन्जो आणि फिडल म्हणजे त्यांना गावंढळपणा वाटे. कंपनीने मात्र माघार घेतली नाही. तिचे ग्राहक नेमके हे संगीत ऐकणारे होते. एजंट या कार्यक्रमाचं नाव सांगून दार उघडून घेत. या संगीताला आश्रय मिळाला तो अशा व्यवहारातून, आणि मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही. दाद देणारा श्रोता आणि हप्ता भरणारा ग्राहक एकच होता.

या शनिवारच्या कार्यक्रमाचं ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव १९२७ च्या डिसेंबरातलं. ‘ऑप्री’ म्हणजे ‘ऑपेरा’चाच गावठी उच्चार. जॉर्ज हे सांगायचा, की त्याच्या कार्यक्रमाआधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम लागे. एका शनिवारी तिथल्या संचालकाने आगगाडीची चाल दाखवणारी एक वाद्यवृंद रचना वाजवली. ती संपताच हेने डेफर्ड बेली या माउथ ऑर्गनवाल्याला पुढे केलं. बेलीने आपली आगगाडी वाजवली आणि हेने जाहीर केलं: आतापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका ग्रँड ओल ऑप्री.

या बेलीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १८९९ चा जन्म, काळा माणूस, लहानपणी पोलिओ झाल्याने अंगकाठी किरकोळ. बोटभर वाद्यातून तो इंजिनाचा धक्का, रुळांचा खडखडाट, जवळ येणारी आणि दूर जाणारी शिट्टी असं सगळं काढायचा. ऑप्रीच्या पहिल्या वर्षांत तो सर्वांत लोकप्रिय कलाकारांपैकी एक होता. दौऱ्यावर मात्र गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलांत त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये स्टेशनने त्याला काढून टाकलं. तेव्हा गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ कंपन्या आणि एस्कॅप ही गीतकार-संगीतकारांची संस्था यांच्यात भांडण जुंपून तिची गाणी रेडिओवर बंद झाली होती, आणि बेलीच्या गाजलेल्या चाली त्या बंदीत सापडल्या. पुढे त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर पोट भरलं. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. या स्टेशनच्या इतिहासातला हा सरळसरळ अन्याय आहे.

गावच्या स्टेशनचा आवाज देशभर पोहोचला तो मात्र तंत्रज्ञानाच्या बळावर. सुरुवातीची ताकद होती १,००० वॅट. १९३२ मध्ये ती ५०,००० वॅट झाली आणि शहराबाहेर ब्रेंटवुडला ८७८ फुटी, मधे फुगीर अन् दोन्ही टोकांना निमुळता पोलादी मनोरा उभा राहिला (पुढे तो ८०८ फुटांवर आणला). शिवाय ६५० किलोहर्ट्झ ही ‘क्लिअर चॅनल’ वारंवारता, म्हणजे रात्री त्यावर दुसऱ्या स्टेशनांचा त्रास जवळपास नाही. मध्यम लहरी अंधार पडल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून शेकडो मैल दूर उतरतात. त्यामुळे वीज न पोहोचलेल्या खेड्यांत बॅटरीच्या रेडिओवर शनिवारी रात्री नॅशव्हिल स्वच्छ लागायचं. १९३३ पासून काही वर्षं तर मनोऱ्याजवळच्या रुळांवरून धडधडत जाणाऱ्या ‘पॅन अमेरिकन’ या खऱ्या गाडीचा आवाज रोज संध्याकाळी प्रक्षेपित होई. बेली याच गाडीची नक्कल करायचा.

स्टेशनचा मुख्य अभियंता जॅक डिविट होता. युद्धकाळात तो सैन्यात गेला आणि जानेवारी १९४६ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली रडारचे तरंग चंद्रावर आपटून परत पकडण्यात आले. स्टेशनवरच्याच तीन अभियंत्यांनी त्या सुमारास ‘कॅसल’ हा रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला. कंट्री गायक हँक विल्यम्सच्या कितीतरी ध्वनिमुद्रिका तिथल्याच. ‘म्युझिक सिटी’ हे बिरुदही १९५० मध्ये डेव्हिड कॉब या डब्ल्यूएसएमच्या निवेदकाच्या तोंडून आलं. १९५२ पासून स्टेशन देशभरच्या डिस्क जॉकींना ऑप्रीच्या वाढदिवसाला नॅशव्हिलला बोलावू लागलं. स्टुडिओ, वादक, प्रकाशक एका गावात का जमले, याचं उत्तर इथे मिळतं: शनिवारी ऑप्रीत हजेरी लावायची तर मुक्काम नॅशव्हिललाच ठेवावा लागे.

ऑप्रीची जागा बदलत राहिली. १९४३ ते १९७४ ती रायमन सभागृहात होती, मग शहराबाहेरच्या नव्या नाट्यगृहात गेली. एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: बाकीच्या दिवशी याच स्टेशनवर नृत्यसंगीताचे वाद्यवृंद, बातम्या, नाटकं असत. पूर्ण वेळ कंट्री ते फार उशिरा झालं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विमा कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि १९८३ मध्ये स्टेशन गेलॉर्ड समूहाकडे आलं. या समूहाने २००१ च्या अखेरीस खेळांवरच्या चर्चांचं स्टेशन करायचा विचार चालवल्याचं बाहेर आलं, तेव्हा कलाकार आणि श्रोते उघडपणे विरोधात उतरले. काही दिवसांतच मालकांनी तो बेत सोडला. मे २०१० मध्ये कंबरलँड नदीला पूर आला, ऑप्रीचं नाट्यगृह बुडालं आणि स्टेशनला आपला स्टुडिओ सोडावा लागला. तेव्हा निवेदकांनी ब्रेंटवुडच्या मनोऱ्याशेजारी बस्तान हलवलं आणि प्रक्षेपण तिथूनच चालू ठेवलं. ऑप्री त्या काळात रायमनसह शहरातल्या वेगवेगळ्या सभागृहांत भरत राहिली आणि सप्टेंबरच्या अखेरीस आपल्या नाट्यगृहात परतली.