हरणासाठी नळी आणि स्लग: दोन्ही जोडीनंच घ्या

न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीला सेंटरफायर रायफल (बुडाच्या मधोमध टोपी असलेल्या काडतुसांची) चालत नाही. धनुष्यबाण, तोंडाकडून भरायची मझललोडर आणि शॉटगन, एवढीच मुभा आहे. त्यामुळे डिसेंबरातला सहा दिवसांचा बंदुकीचा हंगाम जवळ आला, की आमच्या बंदुकांच्या दुकानातल्या मराठी ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यात चांगला स्लग कोणता?" स्लग म्हणजे बारीक छर्‍यांऐवजी एकच जड गोळी असलेलं शॉटगनचं काडतूस. तुमच्या बंदुकीला कुठली नळी आहे ते पाहिल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. महागडं काडतूस चुकीच्या नळीतून मारलं, तर ते स्वस्त काडतुसापेक्षाही वाईट लागतं. म्हणून हे पत्रक.

आतून गुळगुळीत नळी असेल तर

पक्ष्यांसाठी किंवा क्ले नेमबाजीसाठी (उडत्या मातीच्या तबकड्यांवरच्या) घेतलेल्या शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यात फॉस्टर पद्धतीचा स्लग घाला. हा शिशाचा, मागून पोकळ असतो. वजन पुढे असल्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे ठेवून सरळ जातो. खोक्यावर 'रायफल्ड स्लग' लिहिलेलं पाहून अनेकांचा गोंधळ होतो. स्लगच्या अंगावरच्या त्या तिरक्या रेघांनी तो फारसा फिरत नाही. चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागातून, जाताना शिसं दबायला जागा मिळावी, हे त्यांचं खरं काम. गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान, तितकी नळी रुंद. १२ गेजचा नेहमीचा फॉस्टर एक औंसाचा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमचा असतो आणि नळीतून सेकंदाला साधारण १,६०० फुटांच्या वेगानं निघतो. दुसरा पर्याय ब्रेनेके. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी तो १८९८ साली काढला. त्याच्या बुडाला वॅड (दारू आणि गोळी यांच्यामधला बोळा) जोडलेलाच असतो आणि तो स्लगबरोबर शेवटपर्यंत जातो. अंगानं तो भरीव आहे, त्यामुळे खोल शिरतो.

चोक सिलिंडर (मोकळा) किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर (किंचित अरुंद) लावा. फुल, म्हणजे खूप अरुंद, चोकमधून स्लग मारू नका. अशा बंदुकीवर पुढे नुसता मणी असतो, तो छर्‍यांपुरता ठीक आहे. स्लगसाठी मागे-पुढे दोन्हीकडे साइट (नेम धरायची खूण) हवी, नाहीतर गाल दस्त्यावर जरा वर-खाली टेकला तरी नेम चुकतो. एवढं केलंत, तर ५० ते ७५ यार्डांपर्यंत ही जोडी उत्तम काम देते. आमच्या राज्यातल्या दाट झाडीत त्यापलीकडचं हरीण मुळात दिसतंच कितीदा?

आटे पाडलेली नळी

शेताच्या कडेला बसणार असाल आणि १०० यार्डांच्या पुढे मारायचं असेल, तर रायफल्ड नळी, म्हणजे आतून पिळाच्या खाचा (आटे) पाडलेली, घ्या. तिच्यासाठी सॅबो स्लग असतात. प्लास्टिकच्या वेष्टणात नळीपेक्षा बारीक गोळी बसवलेली असते. नळीतले आटे त्या वेष्टणाला पकडून फिरवतात, बाहेर पडल्यावर वेष्टण गळून पडतं आणि गोळी फिरत पुढे जाते. वेग १,९०० फुटांच्या आसपास. गुळगुळीत नळीतून हाच सॅबो मारला, तर गोळीला फिरकी मिळत नाही, ती हवेत कोलांट्या खाते आणि कागदावर आडवी उमटते. उलट, रायफल्ड नळीतून फॉस्टर मारले, तर आट्यांत शिसं साचतं आणि नेम बिघडत जातो. छर्रे तर या नळीतून अजिबात नकोत. फिरकीमुळे ते चहूकडे फेकले जातात आणि मध्यभाग मोकळा राहतो.

आट्यांची फिरकी सगळीकडे सारखी नसते. सॅव्हेज २२० या २० गेजच्या बंदुकीत २४ इंचांना एक फेरा आहे. १२ गेजमध्ये २८ ते ३६ इंचांना एक फेरा दिसतो. एकाच्या बंदुकीला आवडलेला स्लग दुसऱ्याला का आवडत नाही, याचं एक कारण हेच.

आधीची पंप शॉटगन असेल, तर नवी बंदूक न घेता नुसती रायफल्ड नळी बदलून चालते. मात्र नळी कँटिलिव्हरवाली घ्या. दुर्बीण नळीलाच जोडलेली राहते, नळी काढली-घातली तरी दोघी एकत्र हलतात. बंदुकीच्या पाठीवर बसवलेली दुर्बीण नळी थोडी सैल असली की खोटं सांगू लागते. आणि हो, १२ गेजचाच हट्ट धरू नका. २० गेजचे आजचे सॅबो हरणासाठी पुरेसे आहेत आणि खांद्याला धक्का कमी बसतो. धक्क्याच्या भीतीनं ट्रिगर ओढताना डोळे मिटणारे आम्ही रेंजवर नेहमी पाहतो. तो दोष कुठलीही नळी दुरुस्त करू शकत नाही.

नेम बसवताना

तीन-चार कंपन्यांचे स्लग एकेक खोका घ्या. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवा, आधी ५० यार्डांवर तीन-तीन गोळ्या मारा, मधे नळी गार होऊ द्या. हरणाच्या हृदय-फुप्फुसाची जागा जेमतेम आठ इंचांची असते. ज्या अंतरावर तुमच्या गोळ्या दर वेळी त्याहून बर्‍याच लहान वर्तुळात पडतात, तेवढंच तुमचं अंतर. त्यापलीकडे हरीण उभं असेल तर ट्रिगरला हात लावू नका. जखमी होऊन झाडीत मरणारं जनावर आम्हाला मान्य नाही आणि तुम्हालाही नसावं. जो स्लग जुळला, त्याचेच हंगामाला पुरतील इतके खोके एकाच लॉटमधले घेऊन ठेवा.

ही चूक जिवावर बेतते

२० गेजचं पिवळं काडतूस १२ गेजच्या बंदुकीत गेलं, तर ते पुढे सरकून नळीत अडकतं. वर १२ गेजचं काडतूस भरून उडवलं, की नळी फुटते. दोन्ही गेजच्या बंदुका घरात असतील, तर काडतुसं वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि रानात जाताना एकच पिशवी न्या. पावणेतीन इंची चेंबरमध्ये (काडतूस बसायच्या जागेत) तीन इंची काडतूस घालू नका; माप नळीवर कोरलेलं असतं.

येताना सोबत काय आणाल

शॉटगन विकत घ्यायची असेल, तर फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड (बंदूक खरेदीचं ओळखपत्र) लागतंच. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्यानं एरवी बंदूक बाळगायला मनाई आहे. अमेरिकेत मिळालेला चालू शिकार परवाना असेल तर सवलत मिळते. तेव्हा आधी हंटर एज्युकेशन आणि परवाना, मग खरेदी. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. फक्त नळी पाहायची असेल, तर बंदूक रिकामी करून, पेटीत बंद करून आणा आणि दारातून आत येताच काउंटरवर सांगा. चेंबर आम्ही तुमच्यासमोर तपासू, नळी बसवून पाहू. दुर्बिणीची पहिली जुळणी दुकानात मोफत करून देतो.