कोपऱ्यापलीकडून ऐकू येणारा सिंह

दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात नवं दुकान उघडलं, की दारात सिंह नाचतो. दोन माणसं एका कापडी सिंहात शिरतात, एक डोक्याशी, दुसरा कमरेत वाकून शेपटाशी. दारावर लेट्यूसचा गड्डा टांगलेला असतो, त्याला पैशांचं लाल पाकीट बांधलेलं. सिंह त्याच्याभोवती घुटमळतो, बिचकतो, शेवटी झेप घेऊन गड्डा तोंडात धरतो आणि पानं फाडून उधळतो. लेट्यूसला चिनी भाषेत ‘शंग-त्साय’ म्हणतात. शेवटचा सूर बदलला, की त्याच उच्चाराचा अर्थ होतो ‘धन निपजणं’. उधळलेला पाला म्हणजे दुकानाची बरकत!

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो सिंहासोबत वाजणारा ढोल. सेकंदाला 100 कंपनं असलेल्या आवाजाची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते. एवढी लांब लाट भिंतीच्या कडेला सहज वळसा घालते, म्हणून ढोलाचा घुमारा शेजारच्या गल्लीतही पोचतो. पण आवाज नेमका कुठून येतोय, हे तो नीट सांगत नाही. ते काम झांजांचं. सेकंदाला 5,000 कंपनांच्या आवाजाची लाट जेमतेम सात सेंटीमीटरची. आपलं डोकं अशा लाटांना अडवतं, एका कानाला आवाज मोठा लागतो, दुसऱ्याला बारीक, आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. ढोल बोलावतो, झांज वाट दाखवते. भौतिकशास्त्राचं पुस्तक न उघडता लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकून ही जोडी जमवली, याचं मला फार कौतुक वाटतं.

लोक जमू लागले, की पुढचं काम गर्दीच करते. 1969 साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. फुटपाथवर एकच माणूस उभा राहून समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे बघत असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी 4 टक्के थांबत. पंधरा जण बघत असतील, तर 40 टक्के. खिडकीत विशेष काहीच नव्हतं. इथं तर साक्षात सिंह आहे.

पूर्वी सिंहासोबत फटाक्यांची माळही हमखास असायची. फटाक्याचं चिनी नावच ‘फुटणारा बांबू’. बांबू विस्तवात टाकला, की बंद पेरांतली हवा आणि वाफ कोंडून ती फुटत, तेव्हापासूनचं हे नाव. बीजिंगने 1993 मध्ये शहरात फटाके बंद केले. पुढे नियम सैल झाले, पुन्हा कडक झाले. आता कितीतरी ठिकाणी लाल नळ्यांची विजेवर चालणारी माळ लुकलुकते आणि कडकडाट स्पीकरमधून येतो.

ढोलाचं मात्र असं होऊ नये. वादकाची नजर सिंहाच्या डोक्यावर खिळलेली असते. सिंह लेट्यूसपाशी बिचकला, की काठ्या कडेवर हलकेच टकटकतात, आणि झेप घेताना थाप पूर्ण जोरात पडते. शेपटाशी वाकलेल्या माणसाला समोरचं फारसं दिसत नाही. त्याला ती झेप ऐकूनच कळते.