नदीज वालुकाश्म : वाळूचे घटक आणि साठवणक्षमता

प्राचीन नद्यांनी पात्रात आणि पूरमैदानावर टाकलेली वाळू पुढच्या गाळाखाली खोल गाडली जाऊन जो खडक बनतो, तो नदीज वालुकाश्म. त्याच्या कणांमधल्या फटींत तेल, नैसर्गिक वायू किंवा पाणी साठते. खडकात मोकळी जागा किती, हे सच्छिद्रतेवरून कळते; त्या जागेतून द्रव किती सहज वाहील, हे पार्यतेवरून. पार्यतेचे एकक मिलिदार्सी हे हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याच्या नावावरून आले आहे. त्याने आपला नियम १८५६ मध्ये मांडला.

नुकत्याच साचलेल्या, एकसारख्या आकाराच्या वाळूत सुमारे ४० टक्के जागा मोकळी असते. खोलीवर त्यातली किती उरेल, हे वाळू कशाची बनली आहे यावर बरेच अवलंबून असते. तेलाच्या शोधमोहिमेत भूकंपीय नकाशावर, म्हणजे जमिनीत सोडलेल्या लहरींच्या प्रतिध्वनींवरून काढलेल्या नकाशावर, नदीचे वळणदार पात्र दिसले की अर्धे काम झाल्यासारखे वाटते. पण पात्र सापडणे वेगळे आणि त्यातल्या फटी शाबूत असणे वेगळे.

पहिला घाव दाबाचा. गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण एकमेकांना टेकून भार पेलतात. पंकाश्म (चिखलाचा खडक), फायलाइट (दाब-उष्णतेने बदललेला तसाच पापुद्र्यांचा खडक) यांचे तुकडे आणि अभ्रक मात्र मऊ. शेंगदाण्याचा लाडू वळताना गूळ दाण्यांच्या फटींत शिरतो, तसे हे कण दबून फटीत पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो मूळचाच चिखल वाटतो, म्हणून त्याला छद्म आधारक, म्हणजे कणांमधला खोटा भराव, म्हणतात. नदीच्या वाळूत याची आणखी एक घरची सोय असते : काठ ढासळून पात्राच्या तळाशी पडलेले चिखलाचे गोळे. अभ्रकाचे पातळ पापुद्रे पाण्यात तरंगत जाऊन बारीक वाळूबरोबर बसतात. त्यामुळे एकाच नदीची भरड वाळू चांगली आणि काठावरची बारीक वाळू बाद, असे पुष्कळदा होते.

घटक ठरतात ते उगमाकडचे खडक, हवामान आणि प्रवासातले मुक्काम यांवर. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यात अँडीजमधून आलेली वाळू मैदानांत दीर्घकाळ पडून राहते. तिथल्या उष्ण, दमट हवेत फेल्स्पार हे खनिज व खडकांचे तुकडे झिजतात आणि क्वार्ट्झचे प्रमाण वाढते.

फेल्स्पारचे वागणे दुटप्पी आहे. तो विरघळला की नव्या पोकळ्या तयार होतात; पण त्यातून सुटलेला माल शेजारच्याच फटीत केओलिनाइट या पांढऱ्या चिकणमाती-खनिजाच्या रूपाने बसतो. पुढे साधारण १२० ते १३० अंश सेल्सिअसच्या वर केओलिनाइट आणि पोटॅश (पोटॅशियमयुक्त) फेल्स्पार मिळून इलाइट हे दुसरे चिकणमाती-खनिज बनते. त्याचे केसासारखे तंतू जागा फारशी अडवत नाहीत, वाट मात्र अडवतात : सच्छिद्रता जवळपास तेवढीच, पार्यता कोसळलेली.

मग शुद्ध क्वार्ट्झची वाळू सर्वांत उत्तम का मानू नये? उथळ खोलीवर ती उत्तमच. पण ७०-८० अंशांच्या पुढे स्वच्छ कणांच्या पृष्ठभागावर क्वार्ट्झचाच नवा थर चढू लागतो आणि फटी बुजतात. इथे थोडी ‘घाण’ कामी येते. ज्वालामुखी खडकांच्या कणांतून लोह व मॅग्नेशियम मिळाले, तर कणांवर क्लोराइट या हिरवट खनिजाचे पातळ अस्तर तयार होते आणि क्वार्ट्झला बसायला जागा उरत नाही. उत्तर समुद्रातल्या ट्रायासिक काळच्या (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या) स्कागेराक थरांत अशा अस्तरामुळे, आणि फटींतल्या द्रवाच्या जादा दाबामुळे, बऱ्याच खोलीवरही सच्छिद्रता टिकली आहे. अलास्कातल्या प्रुडो बे या १९६८ मध्ये सापडलेल्या प्रचंड तेलक्षेत्रात इविशाक वालुकाश्मात चर्टचे, म्हणजे अतिसूक्ष्म क्वार्ट्झच्या खडकाचे, कण भरपूर आहेत. ते अंशतः विरघळल्याने कणांच्या आतच सूक्ष्म पोकळ्या झाल्या आहेत. त्या सच्छिद्रतेत भर घालतात, पार्यतेत फारशी नाही.

हे सगळे तपासायला खडकाचा तुकडा निळ्या राळेत भिजवतात आणि ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. मग निळे दिसेल तेवढी पोकळी. काप एकेका बिंदूने सरकवत, दर बिंदूखाली काय आले याची नोंद करायची. एका कापाला असे तीनशेच्या आसपास बिंदू. काम कंटाळवाणे, पण त्याला अजून नीटसा पर्याय नाही.

विदर्भातल्या गोंडवना या कोळसाधारी गटाच्या खडकांत दोन नमुने एकावर एक आढळतात. खालच्या, कोळसा असलेल्या बराकर थरांतल्या फेल्स्पारचा बराच भाग केओलिनाइट होऊन पांढरा पडलेला दिसतो. वरचा कामठी वालुकाश्म भरड, लोहाने तांबूस आणि ठिकठिकाणी हाताने चुरगळेल इतका भुसभुशीत. त्या भागातला तो महत्त्वाचा जलधर खडक आहे. विहिरींना त्याचे पाणी मिळते. वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींना मात्र खालच्या कोळशापर्यंत पोचताना तेच पाणी उपसत राहावे लागते.