चायकोव्हस्कीला नाकारणारा रुबिनस्टाइन कोणता?

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोवर (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) कुणी लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं: त्याचे गुरू रुबिनस्टाइन यांनी ही रचना झिडकारली. हे साफ चूक आहे. झिडकारली ती गुरूच्या धाकट्या भावाने.

पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनला आधीच बाजूला काढू. रेकॉर्डवर आपण ऐकतो तो पोलंडचा, जन्म १८८७ चा. या रुबिनस्टाइन घराशी त्याचं नातं नाही.

घोळ होतो तो अंतोन आणि निकोलाय या सख्ख्या भावांत. दोघेही बडे पियानोवादक. अंतोनने १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला कॉन्झर्वेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय, काढली, निकोलायने १८६६ मध्ये मॉस्कोला. चायकोव्हस्की पहिलीत शिकला आणि दुसरीत शिकवू लागला. म्हणजे गुरू अंतोन, संचालक निकोलाय.

आणि इथेच सगळी गोष्ट फिरते. ‘गुरूने झिडकारलं’ म्हटलं की खडूस मास्तर आणि बंडखोर शिष्य एवढंच उरतं. प्रत्यक्षात निकोलाय हा त्याचा सर्वांत मोठा पाठीराखा. त्यानेच चायकोव्हस्कीला मॉस्कोत आणलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, त्याच्या पहिल्या चारही सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) प्रथम सादर केल्या. अंतोनला शिष्याच्या संगीताचं फारसं कौतुक कधीच नव्हतं. त्याने नाक मुरडलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं.

१८७४ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी चायकोव्हस्कीने कॉन्झर्वेटरीतल्या एका वर्गात निकोलायला कॉन्चेर्टो वाजवून दाखवला. पहिला भाग संपला, निकोलाय गप्प. शेवटपर्यंत गप्पच. मग विचारल्यावर तोंड सुटलं: वाजवता न येण्याजोगा, ठिगळं जोडलेला, दोन-तीन पानं सोडली तर टाकाऊ. एक सूरही बदलणार नाही, असं चायकोव्हस्कीने सुनावलं. हे त्यानेच तीन वर्षांनी आपली आश्रयदाती नादेझ्दा फोन मेक हिला पत्रात कळवलं.

पुढचं मात्र बहुतेक लेखक गाळतात, याचा मला खरा राग येतो. १८७५ मध्येच निकोलायने मॉस्कोत या कॉन्चेर्टोचं संचालन केलं. पियानोवर त्याचाच शिष्य तानेयेव. नंतर निकोलाय स्वतःही तो वाजवू लागला, १८७८ मध्ये पॅरिसलासुद्धा. इतक्या जाहीरपणे मत बदलणारा कलावंत मला अंतोनपेक्षा मोठा वाटतो, अंतोनच्या ऑपेरांचा ढीग आणि अमेरिकेचा दौरा जमेस धरूनही.

१८८१ मध्ये निकोलाय पॅरिसला वारला. ‘एका थोर कलावंताच्या स्मृतीस’ असं लिहून चायकोव्हस्कीने ए मायनरमधली पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांची रचना) रचली, ती त्याच्यासाठी. तिथेही अंतोनचं नाव छापू नये. तो १८९४ मध्ये गेला, चायकोव्हस्कीच्याही नंतर.