नक्षीदार सिमेंट लादी

घराच्या जमिनीवर बसवायची, सिमेंटची, न भाजलेली व रंगीत नक्षीची चौरस लादी. जुन्या घरांत ती बहुधा ८ इंच बाजूची व पाऊण इंचाच्या आसपास जाड आढळते. तिची नक्षी रंगवलेली किंवा छापलेली नसते. काही मिलिमीटर जाडीचा वरचा थरच रंगीत सिमेंटचा असल्याने पृष्ठभाग झिजला, तरी आकृती कायम राहते. इंग्लंडमध्ये मिंटन व इतर कारखान्यांनी केलेल्या भरणनक्षीच्या (खाचांत वेगळ्या रंगाची माती भरून केलेल्या नक्षीच्या) लाद्या भाजलेल्या मातीच्या असतात. मुंबईत दोन्ही जातींना सरसकट ‘मिंटन’ म्हणण्याची चूक होते, पण त्यांचे घटक, कृती व काळ वेगवेगळे आहेत.

उगम : ही लादी तयार होण्यासाठी पाण्यात घट्ट होणारा बंधक पदार्थ आणि मोठा दाब, अशा दोन गोष्टी लागत. जोसेफ ब्रामाने जलदाब यंत्राचे एकस्व (पेटंट) १७९५ मध्ये घेतले, तर जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे १८२४ मध्ये. त्यामुळे लादीचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास धरतात. स्थळाबद्दल मात्र एकमत नाही. एका मतानुसार दक्षिण फ्रान्समधील व्हिव्हिए या गावी १८५० च्या आसपास ती प्रथम झाली. दुसरे मत स्पेनमधील कॅटलोनियाच्या बाजूचे आहे. तेथील बार्सिलोना शहराच्या गॅरेट, रिव्हेत आणि कंपनीने १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात या लाद्या मांडल्या होत्या, हा त्या पक्षाचा मुख्य आधार. परंतु प्रदर्शनातील मांडणीवरून माल तोवर विक्रीयोग्य झाला होता एवढेच सिद्ध होते, तो प्रथम कोठे झाला हे नव्हे. व्हिव्हिएच्या लगत ल तेय येथे लाफार्ज घराण्याच्या चुन्याच्या भट्ट्या होत्या. तेथील पाण्यात घट्ट होणारा चुना पुढे सुएझ कालव्याच्या कामालाही गेला. कच्चा माल इतका हाताशी असल्याने पहिले मत अधिक संभवनीय वाटते. लादीला कलेच्या क्षेत्रात प्रतिष्ठा मात्र बार्सिलोनाने दिली. वास्तुकार आन्तोनी गौदीने १९०४ च्या सुमारास आखलेली षट्कोनी लादी एकरंगी, उठावाची असून तिची आकृती सात लाद्या जुळल्यावर पुरी होते.

कृती : पोलादी चौकटीत तळाशी गुळगुळीत पाटी आणि तिच्यावर नक्षीच्या रेषांप्रमाणे वळवलेल्या पितळी पट्ट्यांचा साचा ठेवतात. पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी व रंग यांचे पातळ मिश्रण पळीने एकेका कप्प्यात ओततात आणि साचा अलगद उचलून घेतात. कारागिराची खरी परीक्षा या उचलण्यात असते, कारण हात हलला की रंग एकमेकांत उतरतात. त्यावर सिमेंट-वाळूचे कोरडे मिश्रण पसरतात. ते वरच्या थरातील जादा पाणी शोषून घेते. मग जाड थर भरून दाब देतात, लादी काढून काही काळ ठेवतात व नंतर पाण्यात मुरवतात. भट्टी लागत नाही. सिमेंट अल्कधर्मी असल्याने त्यात टिकणारेच रंग चालतात. तांबडा, पिवळा व काळा लोहाच्या ऑक्साइडांपासून आणि हिरवा क्रोमियमच्या ऑक्साइडपासून मिळतो. प्रशियन निळा सिमेंटमध्ये टिकत नाही.

तमिळनाडूतील चेट्टिनाड भागात होणारी आत्तंगुडी लादी याच कुळातली, पण ती दाबयंत्राशिवाय काचेच्या तुकड्यावर ओततात. तिची चकाकी त्या काचेमुळे येते.

नक्षीची रचना : एका लादीवर बहुधा फुलाचा किंवा चक्राचा पाव भागच असतो. चार लाद्या पाव-पाव वळणाने फिरवून लावल्या की आकृती पूर्ण होते. रंग एकाच बाजूला असल्यामुळे लादी उलटवता येत नाही. म्हणून पाव भाग कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखा नसेल, तर चार लाद्यांतून आरशातल्यासारखी जोडी न जमता भिंगरी तयार होते. खरे प्रतिबिंब हवे असेल, तर डावा आणि उजवा असे दोन साचे करावे लागतात, आणि खर्च वाढतो. अनेक जुन्या नक्ष्या कर्णाशी सममित का असतात, याचे एक कारण येथे दिसते. कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या चौरसांचा शास्त्रीय विचार फ्रेंच धर्मगुरू सेबास्तियाँ त्रुशे याने १७०४ मधील निबंधात केला होता. दोन लाद्या शेजारी लावण्याच्या ६४ रीती त्याने १० प्रकारांत बसवल्या. सिमेंट लादी तेव्हा नव्हती, पण घडणाऱ्याला भेडसावणारा प्रश्न तोच होता.

संपूर्ण खोलीसाठी गालिच्यासारखी मांडणी करतात. मध्यभागाची, काठाची व कोपऱ्याची लादी असे तीन साचे लागतात. भिंतीलगत साध्या एकरंगी लाद्यांची पट्टी सोडतात. खोली काटकोनात नसल्यास येणारा तिरकेपणा या पट्टीत जिरतो आणि काठ सरळ दिसतो. मोझॅक लादी बसवल्यावर घासावी लागते, तशी ही लागत नाही.

भारतात : सिमेंटचे उत्पादन पोरबंदर येथे १९१४ मध्ये सुरू झाल्यावर देशी लादीला वाव मिळाला. फिरोजशा व रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या भूमिकेतून भारत टाइल्सची स्थापना केली. मुंबईजवळील उरण हे तिचे सुरुवातीचे ठिकाण. पुढे मुंबईतील इमारती, कोकण व गोव्यातील घरे येथे या लाद्या पसरल्या. गोव्यातील आझुलेजु या रंगवलेल्या झिलईदार लाद्या भिंतीच्या असून त्यांचा या प्रकाराशी संबंध नाही.

मोझॅक, मग झिलईच्या सिरॅमिक आणि नंतर गुजरातेतील मोरबीच्या व्हिट्रिफाइड लाद्यांनी ही नक्षी मागे सारली. जुन्या वाड्यांच्या व बंगल्यांच्या दुरुस्तीमुळे तिला अलीकडे पुन्हा मागणी आहे. देखभालीत आम्लाचा धोका मुख्य. चिंच, लिंबाचा रस किंवा संडास धुण्याचे अ‍ॅसिड सांडल्यास पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो व तो डाग पुसून जात नाही.